भावाचं स्वप्न, रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे आणि माझी सही

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी २७ वर्षांची, बेळगावला लागून असलेल्या गावातली, शहरात एका खासगी कार्यालयात हिशेब बघते. वडील गेल्यावर दीड एकर जमीन बायपासमध्ये गेली. नुकसानभरपाईचे ६२ लाख आई, ती आणि २४ वर्षांचा धाकटा भाऊ अशा तिघांच्या नावावर बँकेत आहेत. नव्या रस्त्याला लागून ३० गुंठे उरलेत. भाऊ इंजिनिअर, बेंगळुरूत वर्षभर नोकरी करून परत आलाय. दोन मित्रांना घेऊन त्याला त्या ३० गुंठ्यांत तरुणांसाठी मोठं संकुल काढायचंय. खाली पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये शंभर कॉम्प्युटरचा गेमिंग हॉल, ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाईलवरच्या खेळांच्या, स्पर्धांसाठी स्टेज आणि स्क्रीन. वर गच्चीवर बार-रेस्टॉरंट, शनिवार-रविवार डीजे, रात्री एकपर्यंत सगळं उघडं. ‘पोरं चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात, आपण गोवाच इथं आणू,’ असं तो म्हणतो. खर्च दोन कोटी: घरचे ६२ लाख, जमीन तारण ठेवून एक कोटीचं कर्ज, उरलेलं दोघा मित्रांचं. नफा तिघांत सारखा. एक मित्र म्हणतो, चालू सामन्यांवर हलकीशी पैज ठेवली तर गर्दी टिकेल. बँकेला हिची सही हवीय. आई म्हणते, रात्रीचा धंदा आपल्या घरात नको. चुलते म्हणतात, हा जुगार. हिचं स्वतःचं म्हणणं, ‘चांगल्या घरच्या मुली अशा ठिकाणी जात नाहीत, माझ्यासाठी स्थळं बघतायत, लोक काय म्हणतील? पण त्यानं आजवर काही मागितलं नाही. गेल्या गणपतीत मंडळातर्फे त्यानं मोबाईल गेमची स्पर्धा घेतली, ६४ संघ आले, हिशेबात रुपया इकडचा तिकडे झाला नाही. मावशी, सही केली तर आई तुटेल, नाही केली तर भाऊ.’

पोरी, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. आज जो कागद तुझ्यासमोर आहे त्यावर सही करू नकोस. पण तुमच्या घरात नकारासाठी जी कारणं फिरतायत, त्यातलं एकही मला धड वाटत नाही. आणि ते महत्त्वाचं आहे, कारण भाऊ शिकलेला आहे. लंगडं कारण दिलंस तर तो कारण खोडेल, आणि मग नकारावर ठाम राहायला तुझ्याकडे काही उरणार नाही.

चुलत्यांपासून सुरू करू. त्यांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. मोबाईलवर रमी खेळून कर्जात गेलेली माणसं आपल्याकडे गल्लीगल्लीत आहेत, आणि जाहिरातीत त्यालाही ‘गेम’च म्हणत होते. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात ही दोन्ही वेगळी काढली आहेत. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, त्यात सरसकट बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. तिथं प्रवेशशुल्क घेता येतं, चांगलं खेळणाऱ्याला बक्षीस देता येतं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं होतं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होतं, तेव्हा भूजच्या तीर्थ मेहताने कांस्य आणलं. २०२३ मध्ये हांगझोऊला तर ते पदकांच्या यादीतच होतं. भूज म्हणजे काही मुंबई-बेंगळुरू नव्हे. तेव्हा भावाचा खेळ हा खेळच आहे, हे चुलत्यांना शांतपणे सांग.

मग भावाकडे वळ आणि त्या मित्राच्या ‘हलक्याशा पैजे’बद्दल विचार. ई-स्पोर्ट्सची जी व्याख्या कायद्यात आहे, तिची अटच अशी की पैज कुणीही लावायची नाही. खेळणाऱ्याने नाही, बघणाऱ्यानेही नाही. पैज आली की तो ई-स्पोर्ट्स राहत नाही, चुलते म्हणतात तेच होतं. जो भागीदार ही गोष्ट पहिल्याच बैठकीत हसत हसत सुचवतो, त्याच्याबरोबर धंदा करायचा का, हा प्रश्न शंभर कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. मी असते तर त्या माणसाला तिथंच नमस्कार केला असता.

आता आईचं ‘रात्रीचा धंदा’. आईला दुखवू नकोस, पण रात्र आणि बेळगाव यांचं इतकं वाकडं कधीपासून झालं? वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात तेव्हा अख्खं शहर पहाटेपर्यंत रस्त्यावर असतं, लेकुरवाळ्या बायका कट्ट्यावर बसून असतात. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी संपत नाही. त्या गर्दीत आई तुला घेऊन गेली असेलच की. रात्री बाहेर असणं वाईट नाही हे तिलाही ठाऊक आहे. तिला भीती आहे ती दारूची आणि अनोळखी माणसांची, आणि ती भीती खोटी नाही. फक्त त्या भीतीला तिचं खरं नाव देऊया.

आणि तुझं ते वाक्य, चांगल्या घरच्या मुली अशा ठिकाणी जात नाहीत. ते मी दोनदा वाचलं. तू २७ वर्षांची कमावती बाई. कार्यालय सुटल्यावर संध्याकाळी सातनंतर मैत्रिणींबरोबर दोन तास बसायचं झालं तर बेळगावात कुठं बसतेस? कॅम्पातलं एखादं कॅफे, नाहीतर कॉलेज रोडवर आइस्क्रीम खाऊन परत. त्यातही नऊला बसची घाई. तुझ्या भावाला एक खरी उणीव दिसली आहे, हे आधी मान्य कर. इथली कॉलेजातली पोरं, मच्छेच्या विद्यापीठातली, उद्यमबागेतली, चंदगडहून येऊन खोल्या करून राहणारी, यांना संध्याकाळी जायला जागा नाही. शनिवारी रात्री पावसात दुचाकीवर चोर्ला घाट उतरण्यापेक्षा शहरातली उजेडाची, सुरक्षित जागा केव्हाही बरी. तशी जागा झाली तर तिथं मुलींनी यायलाच हवं, नाहीतर ती चार महिन्यांत टवाळांचा अड्डा होईल. भावाच्या आराखड्यात मुलींसाठी काय आहे, हे विचारायला तुझ्याइतकं योग्य माणूस नाही. उजेड, वेगळं स्वच्छतागृह, तक्रार ऐकणारी बाई कर्मचारी, परतीच्या वाहनाची सोय. यातलं काही आहे का कागदावर?

इथवर मी भावाच्या बाजूने बोलले. आता त्याचा कागद बघू, आणि इथं मला जास्त वेळ लागणार आहे.

गेमिंग हॉल आणि बार एका छताखाली आणण्यातच घोटाळा आहे. गेमिंग हॉलचं मुख्य गिऱ्हाईक कोण? चौदा ते बावीस वयाची पोरं. बारचं गिऱ्हाईक कोण? ज्याला कायद्याने दारू देता येते तो, म्हणजे बहुतेक दुसराच माणूस. दहावीच्या पोराच्या बापाला वरच्या गच्चीवर बार आहे म्हटल्यावर तो पोराला पाठवेल का? आणि बारमध्ये निवांत बसू बघणाऱ्याला खालून शंभर पोरांची आरडाओरड चालेल का? दोन्ही गिऱ्हाइकं एकमेकांना पळवून लावतील. दक्षिण कोरियात हा सगळा प्रकार वीस-पंचवीस वर्षं आपल्या पुढे आहे. तिथल्या गेमिंगच्या दुकानांत, त्यांना ते पीसी बँग म्हणतात, रात्री दहानंतर अल्पवयीनांना बसू देत नाहीत. ती दुकानं मुळात लहान. १९९७ च्या आर्थिक संकटात नोकऱ्या गेलेल्या कितीतरी लोकांनी गल्लीबोळात, इमारतीच्या वरच्या मजल्यावर खोली भाड्याने घेऊन ती काढली. कोरियाचं ई-स्पोर्ट्स त्या खोल्यांतून वाढलं. संकुलं नंतर आली.

बरं, तुमच्या जागेवर बार होतो का, ते कुणी बघितलंय? डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली. वीस हजारांपर्यंत लोकवस्ती असलेल्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत ते अंतर नंतर २२० मीटर केलं. महापालिकेच्या हद्दीत ही बंदी लागू नाही, असं २०१७ मध्ये स्पष्ट झालं. पण तुमचं गाव अजून पंचायतीत आहे असं तूच लिहितेस. तुमचे ३० गुंठे चौरस धरले तर एक बाजू पंचावन्न मीटर भरते. रस्ता महामार्गात मोडत असेल तर कसंही मोजलंत तरी अख्खा तुकडा बंदीच्या आत. शहरालगतच्या पंचायतींना सवलत द्यायची का, हे न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांवर सोडलं. ती तुमच्या गावाला नसेल तर ज्या रस्त्यामुळे पैसे आले, त्याच रस्त्यामुळे बार होत नाही. शिवाय कर्नाटकात बारचा सीएल-९ परवाना नव्याने सहज मिळत नाही. जुना कुणाचा हस्तांतर करून घ्यायचा तर त्याची किंमत वेगळी, आणि तो आकडा तू पाठवलेल्या खर्चात कुठंच नाही. उघड्या गच्चीवरचा डीजेही रात्री दहाला बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. सणाच्या मोजक्या दिवसांना त्यात सवलत मिळते, रोजच्या धंद्याला नाही. शेतजमीन बिनशेती करून घ्यायची, बुडाकडून, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाकडून, आराखडा मंजूर करायचा, हे सगळं पुढेच आहे. यातलं काहीच हातात नसताना कर्जाचा कागद आधी तयार कसा झाला, याचं मला आश्चर्य वाटतं.

आता हॉलचा हिशेब. तू हिशेबनीस आहेस, मी नुसते अंदाजाचे आकडे धरते, भावाने त्याचे टाकावेत. एका जागेला कॉम्प्युटर, चांगला स्क्रीन, खुर्ची, हेडफोन मिळून लाखभर धर. शंभर जागांचे एक कोटी. तासाला ६० रुपये, दिवसाला बारा तास. सरासरी तीस टक्के जागा भरल्या तर दिवसाला ३६० तास विकले जातात, म्हणजे २१,६०० रुपये, महिन्याला साडेसहा लाखांच्या आत-बाहेर. ऐकायला छान वाटतं. आता समोरची बाजू: एक कोटीचं कर्ज अकरा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर हप्ता एक लाख एकाहत्तर हजार. गेमिंगची यंत्रं चार वर्षांत जुनी होतात, त्यांच्यासाठी महिन्याला दोन लाख बाजूला काढायलाच हवेत. वीज आणि एसीचे लाखभर, दहा-बारा माणसांचा पगार दोन-अडीच लाख. इंटरनेट, जीएसटी, दुरुस्ती, जनरेटरचं डिझेल अजून धरलंच नाही आणि खर्च सात लाखांच्या आसपास गेला. तीस टक्क्यांवर दर महिन्याला घरातून घालायचे. मग पन्नास टक्के भरणार का? जुलैतला मंगळवार, सकाळचे अकरा, बाहेर संततधार, कॉलेज चालू. बायपासवरच्या शेडमध्ये पन्नास पोरं कशाने येणार? सोळा वर्षांच्या पोराकडे लायसन्स नाही आणि रात्री गावाकडे बस नाही.

त्यात आपल्याकडे हा खेळ मुख्यतः मोबाईलवर चालतो. भावाने मंडळात स्पर्धा घेतली तीही मोबाईलचीच. ज्याच्या खिशात खेळ आहे तो खुर्चीचे तासाला ६० रुपये का देईल? कॉम्प्युटरवरचे गेम खेळणारी पोरं आहेत, नाही असं नाही, पण शंभर खुर्च्या रोज भरतील इतकी इथं आहेत का, हे कुणी मोजलेलं नाही.

अजून एक गोष्ट भावाला माहीत आहे पण त्याने ती हिशेबात धरलेली दिसत नाही. कबड्डीचा कुणी मालक नाही. या खेळांचा असतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर. पबजीचीच भारतीय आवृत्ती, बीजीएमआय, २०२१ मध्ये आली, जुलै २०२२ मध्ये ॲपच्या दुकानातून गायब झाली, मे २०२३ मध्ये परत आली. ते दहा महिने ज्यांचं सगळं त्या एका खेळावर होतं त्यांनी काय केलं असेल? सरकारने काढलं नाही तरी कंपनीला वाटलं तर ती नियम बदलते, स्पर्धेची परवानगी नाकारते. अशा वाळूवर आणि तीही गहाण जमिनीत खांब रोवायचे?

बाहेरच्या देशांतल्या मोठमोठ्या एरिनांचे व्हिडिओ भाऊ दाखवतो, असं लिहिलंयस. मग त्यातलंच बघू. अमेरिकेत लास वेगासला लक्सॉर हॉटेलात २०१८ मध्ये तीस हजार चौरस फुटांचा ई-स्पोर्ट्स एरिना सुरू झाला. तो बांधला कुठं? हॉटेलातला आधीचा एक नाइटक्लब काढून, त्याच जागेत. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचं ई-स्पोर्ट्स स्टेडियमही त्याच वर्षी, जुन्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. दोन्हीकडे इमारत तयार होती, गर्दीची सवयही होती. याउलट फिलाडेल्फियात कोरी करकरीत इमारत बांधायचं ठरलं: साडेतीन हजार आसनं, पाच कोटी डॉलर, २०१९ मध्ये घोषणा, २०२१ मध्ये उद्घाटन. ती उभीच राहिली नाही. ज्या लीगसाठी ती होती ती लीगही २०२३ मध्ये बंद झाली. त्या लोकांकडे आपल्या ६२ लाखांपेक्षा बरेच जास्त पैसे होते.

पत्र्याच्या शेडबद्दल मात्र मी गंमतीत बोलणार नाही. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली. पत्र्याचं शेड, आत इंधन साठवलेलं, अग्निशमनचा दाखला नाही, बाहेर पडायला धड वाट नाही. सुट्टीतला शनिवार होता. २७ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. शंभर कॉम्प्युटर, त्यांच्या वायरी, एसी, वर स्वयंपाकघर, गॅस आणि दारू. भावाला विचार, बाहेर पडायच्या वाटा किती आणि त्या कुठं उघडतात. यावर तो ‘नंतर बघू’ म्हणाला तर बाकीची चर्चा तिथंच थांबव.

इतकं वाचून तुला वाटेल, मग मावशी नाहीच म्हणते की. थांब. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते तू शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य. ६४ संघ आणि चोख हिशेब. स्पर्धा घेणं सोपं काम नाही गं. स्लॉट लावायचे, रूम आयडी वेळेवर द्यायचे, कुणी चोरून हॅक वापरलं की भांडण सोडवायचं, हरलेल्या संघाला शांत करायचं, आणि वर्गणीतल्या पैशाचा हिशेब मंडळातल्या ज्येष्ठांना पटेल असा द्यायचा. तुझ्या भावाकडे माणसं जमवायचं आणि सांभाळायचं कसब आहे. आणि या कसबाला जमीन लागत नाही. जत्रेतला पाळणेवाला कुठल्याच गावात जमीन घेत नाही. जिथं जत्रा भरते तिथं पाळणा नेतो, आणि ती उठली की तोही उठतो.

म्हणून माझं सुचवणं असं आहे, आणि ते अशाच बेतात असलेल्या इतर घरांनाही लागू पडेल. पहिलं वर्ष बांधायचं काहीच नाही. भावाने फक्त स्पर्धा घ्यायच्या: मंगल कार्यालयं आणि कॉलेजांची सभागृहं लग्नसराई नसताना भाड्याने मिळतात. गेमच्या कंपनीची परवानगी घ्यायची, प्रवेशशुल्क पावती देऊन घ्यायचं, प्रायोजक मोबाईलच्या दुकानांत आणि क्लासेसमध्ये शोधायचे. समालोचन मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही. हे बेंगळुरूहून येणाऱ्या कुणाला जमणार नाही, इथल्या पोराला जमेल. निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड इथून संघ येतात का बघायचं. मुलींचे संघ येतात का, ते वेगळं मोजायचं. संध्याकाळी सुरू करून रात्री साडेनऊला संपवायचं, आई-वडिलांना येऊन बसू द्यायचं. आईलाही एकदा घेऊन जा. तिने खेळ बघितला तर तिच्या मनातलं चित्र बदलेल असं माझं मन सांगतं. नाही बदललं तर नाही.

याला भावाच्या स्वतःच्या वाट्यातले चार-पाच लाख लागतील, आणि तेवढे बुडाले तरी घर बुडत नाही. वर्षाच्या शेवटी त्याच्याकडे आकडे असतील. कोण येतं, कधी येतं, किती पैसे देतं. ते बरे असले तर टिळकवाडीत किंवा उद्यमबागेजवळ, कॉलेजच्या चालायच्या अंतरावर, दहा-बारा कॉम्प्युटरचा भाड्याचा गाळा. खायला चहा, मिसळ, सँडविच. दारू नको, कारण ती आणली की सोळा वर्षांचं गिऱ्हाईक गेलं. बार हवाच असेल तर तो वेगळ्या माणसाने, वेगळ्या जागी, वेगळ्या पैशाने काढावा.

आता सहीचं. बँकेचा कागद नेमका कसला आहे, हे पत्रावरून कळत नाही. जमीन तारणाला संमती असेल तर एक. तुला हमीदार केलं असेल तर आणखी गंभीर, कारण हमीदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. भावाचे हप्ते थकले की बँक तुझ्या पगाराकडेही येऊ शकते. कागद कन्नडमध्ये असेल तर कळलं असं धरून चालू नकोस, ओळ न् ओळ जाणकाराकडून समजून घे. आणि ‘मुलीची सही ही औपचारिकता’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका जन्मजात हक्क ३० जुलै १९९४ पासून आहे, देशात इतर बहुतेक ठिकाणी तो २००५ मध्ये आला. तुझं नाव उताऱ्यावर आहे ते कुणाच्या मेहरबानीने नाही. जमीन वडिलोपार्जित होती की वडिलांनी स्वतः घेतलेली, यावर तिघांचे वाटे ठरतात. ते वकिलाकडून लिहून घ्या आणि आईचा वाटा आधी वेगळ्या ठेवीत टाका. ६२ लाख साडेसहा टक्क्यांनी धरले तरी वर्षाला चार लाख व्याज होतं. तुमच्या घरात आज दुसरं शेत नाही, हे विसरू नका.

‘सही नाही केली तर भाऊ तुटेल’ असं म्हणतेस. तू त्याला काय आणि कसं सांगतेस, यावर ते बरंचसं आहे. ‘आईला आवडत नाही म्हणून मी करत नाही’ असं म्हणालीस तर तो तुम्हा दोघींवर रुसेल. असं म्हणून बघ: ‘तुझी स्पर्धा मी बघितलीय, तुला जमतं. पहिल्या वर्षाचा हिशेब मी लिहीन, पगार न घेता. तुझ्या वाट्यातून तू कर. पण आईचे पैसे आणि जमीन यांना आपण दोघंही हात लावायचा नाही.’ तो चिडेल, कदाचित आठवडाभर जेवायला बरोबर बसणार नाही. चालेल. चोवीस वर्षांचा आहे, नोकरी सोडून आलाय, गावात तोंड दाखवायला काहीतरी मोठं हवंय त्याला. मोठ्या शेडचा हट्ट मला त्यातून आलेला वाटतो. बेंगळुरूत काय झालं, का परत आला, हे घरात कुणी त्याला विचारलंय का? तुझ्या पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही.

स्थळांचं एका वाक्यात सांगते. लोक बोलतात, आपल्या गावांत तर जास्तच, आणि त्याचा त्रास तुलाच होणार हे मी नाकारत नाही. पण भावाचा धंदा बघून फिरणारं स्थळ फिरलेलं बरं, आणि कर्जात अडकलेलं घर बघून फिरणारी स्थळं त्याहून जास्त निघतील.

जाता जाता इतर आई-बापांसाठी, कारण ‘पोरगा रात्रभर गेम खेळतो’ अशी पत्रं बरीच येतात. खूप खेळणारं प्रत्येक पोर आजारी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार २०२२ पासून आहे, पण त्यासाठी साधारण वर्षभर खेळण्यावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, आणि अभ्यास, झोप, माणसं सगळं मागं पडूनही खेळणं चालूच राहावं लागतं. तसं दिसलं तर मोबाईल फोडू नका. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आपल्याला जवळ आहे, आणि सरकारच्या टेली-मानस या मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

तुझ्यासाठी शेवटचं काम. दोघा मित्रांना घरी बोलाव, आईसमोर. तुमचे ६२ लाख, तुमची जमीन, कर्जाला तारण तुमचंच. त्यांचे दोघांचे मिळून चाळीसेक लाख. आणि नफा मात्र तिघांत सारखा. तू हे लिहिलंस, पण त्यावर एक शब्दही काढला नाहीस, याचं मला नवल वाटलं. तीही साधी भागीदारी असेल तर एकाने केलेलं देणं सगळ्यांच्या बोकांडी बसतं. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली तर निदान जबाबदारी आपापल्या भांडवलापुरती राहते, पण गहाण टाकलेली जमीन तिनेही वाचत नाही. कार्यालयात बसतेस तशी वही घेऊन बस, आणि पहिला प्रश्न वाट्यांचा विचार.